बाहेरच्या हाय-रेझोल्यूशन मॉनिटरवर रिफ्रेश रेट अडतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा ४के मॉनिटर जोडला, चित्र सुरेख आलं, पण माउस हलवला की बाण अडखळत सरकतो. किंवा खोक्यावर १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा नवं चित्र; यालाच रिफ्रेश रेट म्हणतात) छापलंय आणि सेटिंगमध्ये ६० च्या वर आकडाच नाही. अशा वेळी पहिला दोष मॉनिटरला दिला जातो, आणि बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. ग्राफिक्स चिपपासून पडद्यापर्यंत सिग्नल ज्या टप्प्यांतून जातो, त्यांतला सर्वांत अरुंद टप्पा रिफ्रेश रेट ठरवतो. तो टप्पा सापडेपर्यंत काहीही विकत घेऊ नका, एवढीच कळकळीची विनंती.

मॉनिटर खरोखर किती हर्ट्झवर चालतोय हे कसं ओळखायचं?

एखादी विंडो वरच्या पट्टीला धरून वेगाने डावीउजवीकडे ओढा. ३० हर्ट्झवर पडदा सेकंदाला तीसच वेळा नवं चित्र दाखवतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद जातात. विंडो सरकण्याऐवजी उड्या मारते, तिच्यातली अक्षरं मध्येच दोन ठिकाणी दिसल्यासारखी वाटतात आणि बाण हाताच्या मागे राहतो. ६० हर्ट्झला हेच अंतर साधारण १६.७ मिलिसेकंद असतं, १२० ला ८.३. तीस आणि साठमधला फरक कुणालाही दिसतो. साठ आणि एकशेवीसमधला बहुतेकांना दिसतो. १४४ आणि १६५ मधला मात्र डोळ्यांवर सोडू नका.

आकडा हवा असेल तर मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू उघडा. बटण किंवा मागची छोटी दांडी दाबली की जो मेन्यू येतो, त्यात ‘इन्फर्मेशन’ किंवा तशा नावाचं पान असतं. पडद्यापर्यंत प्रत्यक्ष काय पोहोचतंय ते तिथे लिहिलेलं असतं: रेझोल्यूशन, हर्ट्झ, कधी कधी रंगाचा प्रकारसुद्धा. संगणक एक सांगतोय आणि मॉनिटर दुसरं, असं झालं तर मॉनिटरचं खरं धरा.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने गेलात की दोन ओळी दिसतात, ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’. या दोन्ही ओळी जुळायला हव्यात. जुळत नसतील तर ग्राफिक्स कार्ड चित्र ताणून पाठवतंय, आणि रिफ्रेश रेटची यादी तुम्ही निवडलेल्या रेझोल्यूशनची नसून प्रत्यक्ष सिग्नलची आहे. त्याच पानावरच्या ‘डिस्प्ले ॲडॉप्टर प्रॉपर्टीज’मध्ये ‘लिस्ट ऑल मोड्स’ उघडून रेझोल्यूशन आणि हर्ट्झची हवी ती जोडी एकदम निवडता येते.

खोक्यावर १४४ हर्ट्झ आहे, मग यादीत ६० च का दिसतं?

संगणक ती यादी स्वतःहून बनवत नाही. केबल जोडताच मॉनिटर आपली ओळख पाठवतो: मी कोण, मला कोणतं रेझोल्यूशन किती हर्ट्झवर चालतं. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. ग्राफिक्स चिप ती वाचते, मध्ये असलेली केबल, हब किंवा अडॅप्टर किती भार पेलतात ते जोडणी जमवताना कळतं, आणि या सगळ्यांतून जे उरतं तेवढंच यादीत येतं. त्यामुळे यादी आखूड असेल तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा. सुरुवातीच्या तीन फुकट आहेत आणि निम्म्याहून जास्त वेळा दोष तिथेच सापडतो, असा माझा अनुभव आहे.

मॉनिटरवरचं पोर्ट बदलून बघा. एकाच मॉनिटरवर डिस्प्लेपोर्ट या जोडणीला १४४ आणि एचडीएमआय या जोडणीला ६० अशी मर्यादा असणं अगदी सर्रास आहे. माहितीपुस्तिकेत पोर्टनिहाय तक्ता असतो आणि तो कुणीच वाचत नाही.

मग मॉनिटरच्या मेन्यूतली पोर्टची आवृत्ती बघा. जुन्या संगणकांशी जमावं म्हणून कित्येक मॉनिटर कारखान्यातून ‘डिस्प्लेपोर्ट १.१’ किंवा ‘एचडीएमआय १.४’ अशा सेटिंगवर येतात. डिस्प्लेपोर्टचं १.४ आणि एचडीएमआयचं २.१ करा, मॉनिटर बंद-चालू करा, आणि यादीत नवे आकडे येतात का पाहा. एलजीच्या मॉनिटरवर हेच सेटिंग ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ नावाखाली सापडतं, सॅमसंगच्या टीव्हीवर ‘इनपुट सिग्नल प्लस’. नावं वेगळी, काम तेच. काही गेमिंग मॉनिटरवर सर्वांत वरचा आकडा ‘ओव्हरक्लॉक’ (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) चालू केल्याशिवाय दिसतच नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे एका पडद्यावर दोन संगणक शेजारी शेजारी दाखवण्याची सोय. ती चालू राहिली असेल तर मॉनिटर प्रत्येक संगणकाला अर्ध्या पडद्याचीच ओळख देतो. ती बंद करा.

एवढं करूनही काही हललं नाही, तर मधलं सगळं काढून एकाच केबलने थेट जोडा, आणि त्यानंतर ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा.

बँडविड्थचा (जोडणीतून सेकंदाला किती माहिती जाऊ शकते त्याचा) हिशेब नेमका कसा करायचा?

हा प्रश्न टाळू नका. हिशेब एकदा समजला की दुकानातली अर्धी जाहिरात तुम्हाला स्वतः तपासता येते.

४के पडदा म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण ८२,९४,४०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आठ-आठ, म्हणजे २४ बिट. सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर गुणाकार ११.९ गिगाबिट येतो. पण गोष्ट इथे संपत नाही. प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी सिग्नलमध्ये थोडी रिकामी जागा सोडलेली असते. जुन्या जाड काचेच्या पडद्यांच्या काळात किरण मागे फिरायला तेवढा वेळ लागायचा. आजच्या पडद्यांना तेवढी गरज नाही, तरी प्रथा टिकून आहे. टीव्हीच्या मानकाप्रमाणे ४केचं चित्र या रिकाम्या जागेसह ४४०० गुणिले २२५० इतकं मोजलं जातं. आता ६० हर्ट्झला हिशेब १४.२६ गिगाबिट प्रतिसेकंद होतो.

एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट म्हणून सांगितली जाते, पण त्यातला पाचवा हिस्सा सिग्नल बिनचूक पोहोचवण्याच्या सांकेतिक लेखनातच जातो. चित्रासाठी उरतात १४.४. म्हणजे ४के, ६० हर्ट्झ, ८ बिट हे प्रकरण एचडीएमआय २.० मध्ये अगदी काठोकाठ बसतं. रंग १० बिट केलात तर १७.८ लागतात आणि ते बसत नाही. ‘एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारी सोय) लावलं की काहीतरी बिघडतं’ ही तक्रार इथूनच जन्माला येते.

एचडीएमआय १.४ मध्ये चित्रासाठी ८.१६ गिगाबिट मिळतात. ४केला ३० हर्ट्झसाठी ७.१३ लागतात. तो कुप्रसिद्ध तीसचा आकडा कुठून आला ते आता कळलं असेल.

मग कोणत्या जोडणीवर काय चालतं?

एचडीएमआय १.४ हे २००९ चं मानक: ४के ३० हर्ट्झ. एचडीएमआय २.० आलं २०१३ साली: ४के ६० हर्ट्झ, किंवा २५६० गुणिले १४४० वर १४४ हर्ट्झ. २०१७ च्या एचडीएमआय २.१ ची कमाल क्षमता ४८ गिगाबिट, म्हणजे ४के १२० हर्ट्झ १० बिट रंगांसकट आरामात.

डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये चित्रासाठी १७.२८ गिगाबिट आहेत, ४के ६० ला पुरेसे. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये २५.९२. त्यात ४के १२० हर्ट्झ ८ बिटमध्ये कसंबसं बसतं आणि ५१२० गुणिले २८८० चा ५के पडदा ६० ला नीट चालतो. ४के १४४ ला मात्र रिकामी जागा न धरताही २८.७ लागतात. मग ‘डिस्प्लेपोर्ट १.४, ४के १४४ हर्ट्झ’ असे मॉनिटर विकले कसे जातात? डीएससी नावाच्या संक्षेपामुळे. यात चित्र पाठवण्याआधी आवळलं जातं आणि मॉनिटरमध्ये उलगडलं जातं. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, त्यामुळे डीएससीला घाबरू नका. पण ते ग्राफिक्स चिप आणि मॉनिटर दोघांनाही यायला हवं. जुन्या कार्डाला येत नसेल तर १४४ दिसणार नाही, किंवा रंग कमी करून दिसेल.

डिस्प्लेपोर्ट २.१ ची कमाल क्षमता ८० गिगाबिट आहे, पण त्यातही ४०, ५४ आणि ८० असे तीन दर्जे आहेत. नुसतं ‘२.१’ वाचून थांबू नका.

मॉनिटरवर ‘एचडीएमआय २.१’ लिहिलंय, तरी १२० मिळत नाही. फसवणूक आहे का?

नियमात बसणारी आहे, म्हणून जास्त चीड येते. २.१ मधली बहुतेक वैशिष्ट्यं मानकाने ऐच्छिक ठेवली आहेत. त्यामुळे जुन्या १८ गिगाबिटच्याच क्षमतेचं पोर्टही २.१ म्हणून विकता येतं, आणि काही मॉनिटरवर २४ किंवा ४० गिगाबिटची पोर्टं असतात. घेताना आवृत्ती विचारूच नका. ‘या पोर्टावर, या रेझोल्यूशनला, १० बिट रंगात किती हर्ट्झ?’ असा थेट प्रश्न विचारा आणि उत्तर कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात शोधा.

यूएसबी-सीने जोडलं तर ४के ३० वर अडकतं. एचडीएमआयने मात्र ६० मिळतं. असं का?

यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान तारांच्या चार वाटा असतात. मॉनिटरला जोडल्यावर या चारही चित्राला द्यायच्या, की दोन चित्राला आणि दोन मॉनिटरवरच्या यूएसबी पोर्टांना, हे ठरवावं लागतं. मॉनिटरमध्ये यूएसबी हब असेल तर तो बरेचदा दोन-दोन वाटणी करतो, म्हणजे मागे लावलेली हार्ड डिस्क वेगात चालते. चित्राच्या वाट्याला उरलेल्या दोन वाटांवर डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने ८.६४ गिगाबिटच जातात. ४के ६० ला ते पुरत नाहीत, म्हणून ३०.

उपाय मॉनिटरच्या मेन्यूत आहे. ‘यूएसबी-सी प्रायोरिटायझेशन’ किंवा तशा नावाच्या सेटिंगमध्ये ‘हाय रेझोल्यूशन’ आणि ‘हाय डेटा स्पीड’ असे दोन पर्याय असतात. पहिला निवडा. चारही वाटा चित्राला मिळतात आणि ६० लगेच येतं. मॉनिटरच्या मागची यूएसबी पोर्टं जुन्या यूएसबी २.० च्या वेगावर येतात, कारण त्या वेगासाठी केबलमध्ये वेगळी तार असते. कीबोर्ड, माउस, वेबकॅमला तेवढा वेग बहुधा पुरतो. बाहेरची एसएसडी मात्र थेट लॅपटॉपला लावा.

लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील, तर दोन वाटांवरही १२.९६ गिगाबिट मिळतात आणि रिकामी जागा कमी करून ४के ६० त्यात बसतं. तेव्हा वेगवान यूएसबी आणि साठ हर्ट्झ दोन्ही पदरात पडतात. यूएसबी-सीच्याच आकाराच्या, जास्त वेगवान थंडरबोल्ट ३ आणि ४ मध्ये एकूण ४० गिगाबिट असल्यामुळे ही ओढाताण फारशी होत नाही.

यूएसबी-सी केबल लावली तर चित्रच येत नाही.

दोन शक्यता. लॅपटॉपचं ते पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचं असेल. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेच्या बाणाचं चिन्ह आहे का बघा. नाहीतर केबल फोनच्या चार्जरची असेल. तशा केबलींमध्ये वेगवान तारा घातलेल्याच नसतात.

हब किंवा डॉकमधून (एका केबलवरून अनेक पोर्टं देणाऱ्या डब्यातून) जोडल्यावर रिफ्रेश रेट का पडतो?

स्वस्त हबमध्ये यूएसबी-सीतून आलेलं चित्र एचडीएमआयमध्ये बदलणारी चिप बसवलेली असते, आणि ती बरेचदा एचडीएमआय १.४ चीच असते. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘४के’ आणि कोपऱ्यात बारीक ‘३० हर्ट्झ’. हर्ट्झचा आकडा कुठेच छापलेला नसेल तर ३० च समजा. अशा हबला कुठलीही केबल, कुठलाही ड्रायव्हर वाचवू शकत नाही. ‘४के ६०’ स्पष्ट लिहिलेला हब घ्या किंवा यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी साधी केबल वापरा. माझी पसंती नेहमी दुसऱ्या पर्यायाला असते. मध्ये एक वस्तू कमी म्हणजे बिघडायला एक जागा कमी.

डॉकला दोन मॉनिटर लावले की एकाच जोडणीची क्षमता दोघांत वाटली जाते. एक मॉनिटर काढल्यावर दुसऱ्याच्या यादीत मोठे आकडे दिसू लागले, तर निदान पक्कं झालं. थंडरबोल्ट ४ च्या मानकात दोन ४के मॉनिटर ६० ला चालवणं बंधनकारक आहे, त्यामुळे दोन मॉनिटरवाल्यांनी त्याच डॉककडे बघावं.

काही डॉक चित्राचा सिग्नल थेट नेत नाहीत. सॉफ्टवेअरने चित्र आवळून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतो, हीच त्यांची खूण. आकडा ६० दिसतो, तक्ते-कागदपत्रांचं काम नीट होतं, पण व्हिडिओ आणि खेळ अडखळतात, कारण आवळण्याचं काम तुमच्याच प्रोसेसरवर पडतं.

केबल बदलल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण केबल बदलणं हे पहिलं पाऊल नसावं. केबल धरून तिच्या आवरणावरचा बारीक मजकूर उजेडात वाचा. एचडीएमआयवर ‘हाय स्पीड’ एवढंच असेल तर ती १०.२ गिगाबिटच्या हिशेबाची. ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८ साठी, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ साठी. शेवटच्या प्रकारच्या प्रमाणित केबलच्या वेष्टनावर मोबाइलने तपासता येणारं लेबल असतं. ‘२.१ केबल’, ‘८के केबल’ असं कुणीही छापू शकतं. लेबलला महत्त्व द्या. डिस्प्लेपोर्टमध्ये ‘डीपी८के’ हे प्रमाणपत्र १.४ च्या पूर्ण वेगासाठी, ‘डीपी४०’ आणि ‘डीपी८०’ २.१ साठी.

लांबी जेवढी जास्त तेवढा धोका जास्त. ४के १२० च्या पुढे साध्या तांब्याच्या केबलीला दोन मीटरच्या आत ठेवा. बऱ्याच लांब अंतराला ऑप्टिकल केबल लागते, आणि तिची दिशा ठरलेली असते: एक टोक संगणकाचं, दुसरं पडद्याचं. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबलीचंही तसंच. ती डिस्प्लेपोर्ट असलेल्या संगणकाकडून एचडीएमआयच्या मॉनिटरकडेच चालते. उलट जायचं तर वेगळा, वीज घेणारा अडॅप्टर लागतो.

जाता जाता एक गोष्ट. डिस्प्लेपोर्टच्या काही निकृष्ट केबलींमध्ये विसाव्या पिनची तार दोन्ही टोकांना जोडून ठेवलेली असते. मानकाप्रमाणे ती जोडायची नसते. त्यातून मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते, आणि संगणक बंद केल्यावरही पंखा किंचित फिरणं, चालू होताना अडणं असे प्रकार होतात. अशी केबल सरळ टाकून द्या.

डेस्कटॉपला भारी ग्राफिक्स कार्ड आहे, तरी ६० च.

केबल कुठे लावली आहे? पोर्टांच्या उभ्या रांगेत, यूएसबी आणि आवाजाच्या पिनांशेजारी असेल तर ती मदरबोर्डला लागली आहे. खाली आडव्या पट्टीवर असलेल्या कार्डाच्या पोर्टात लावा.

लॅपटॉपचं एचडीएमआय ३० च्या पुढे जात नाही.

इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःहून एचडीएमआय १.४ च देतं. लॅपटॉप बनवणाऱ्याने आत वेगळी रूपांतरक चिप बसवली असेल तरच २.० मिळतं, आणि अनेकांनी ती बसवली नाही. पण त्याच ग्राफिक्समधून डिस्प्लेपोर्ट १.२ निघतो. म्हणजे यूएसबी-सीतून चित्र येत असेल तर त्या वाटेने ६० मिळण्याची चांगली शक्यता आहे. जुना लॅपटॉप टाकून देण्याआधी हे नक्की करून बघा.

५९.९४ आणि ६० असे दोन आकडे दिसतात. कोणता निवडू?

कोणताही. ५९.९४ ही अमेरिकी रंगीत टीव्हीच्या जुन्या मानकातून आलेली, साठला १.००१ ने भागून मिळणारी संख्या आहे. रोजच्या कामात काहीच फरक नाही.

१४४ लावलं की मध्येच पडदा काळा होतो किंवा ठिपके चमकतात.

सिग्नल काठावर आहे. दर थोडा खाली आणा; १२० वर त्रास पूर्ण थांबला तर मॉनिटर किंवा कार्ड बिघडलेलं नाही, मधली केबल किंवा अडॅप्टर तो वेग पेलत नाही. आखूड, प्रमाणित केबल लावून पुन्हा १४४ वर जा. १२० वरही पडदा जात राहिला तर दोन्ही टोकांची पोर्टं बदलून बघा. पडदा खुर्चीवरून उठल्या-बसल्यावर जात असेल तर हसू नका. काही खुर्च्यांच्या गॅस स्प्रिंगमधून स्थिर विजेचा झटका निघतो आणि कमकुवत आवरणाची केबल तो पकडते. यालाही उपाय चांगली केबलच.

संगणक झोपेतून उठला की दर ६० वर येऊन बसतो.

जागं होताना मॉनिटर आणि कार्ड एकमेकांशी वेग पुन्हा ठरवतात. मॉनिटर उशिरा उठला की कार्ड खालच्या वेगावर समाधान मानतं. मॉनिटरच्या मेन्यूत ‘डीप स्लीप’ असेल तर ते बंद करा, आणि ‘इनपुट ऑटो सिलेक्ट’ बंद करून पोर्ट पक्कं निवडा. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या की ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होतो आणि बहुतेक वेळा जुना दर परततो. तरीही अडलं तर मॉनिटरची वीज भिंतीवरून मिनिटभर काढा. बटणाने बंद करणं पुरत नाही.

दर मिळाला, पण अक्षरं पुसट दिसायला लागली.

हे नक्की तपासा, कारण इथे नकळत सौदा झालेला असतो. क्षमता कमी पडली की संगणक कधी कधी हर्ट्झ टिकवण्यासाठी रंगांची माहिती कमी करतो: चार पिक्सेलना मिळून एकच रंग पाठवतो, उजेड मात्र प्रत्येकाचा वेगळा. याला ४:२:० म्हणतात. चित्रपटात ते जाणवत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं लिहून बघा. कडा विरघळल्यासारख्या, एकात एक मिसळलेल्या दिसल्या तर निदान झालं. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रंगाचा प्रकारही लिहिलेला असतो. तिथे आरजीबी किंवा ४:४:४ हवं. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याने १२० साठी ४:२:० पत्करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डोळे त्याची किंमत मोजतात.

एचडीआर चालू केलं की हर्ट्झ का कमी होतात?

एचडीआरला सहसा १० बिट रंग लागतात, म्हणजे सव्वापट माहिती. वरच्या हिशेबात तो आकडा घालून बघा, उत्तर मिळेल. काम लेखनाचं असेल तर एचडीआर बंदच ठेवा.

दर १४४ दाखवतोय, तरी सगळं अडखळतच आहे.

मग प्रश्न पडद्याचा नाही. मॉनिटर सेकंदाला १४४ चित्रं दाखवायला तयार आहे, पण संगणक तेवढी बनवतोय का? ४केला १०८०पीच्या चौपट पिक्सेल लागतात आणि साधं ग्राफिक्स तिथे दमतं. लॅपटॉप बॅटरीवर असेल, वीज वाचवण्याचं सेटिंग चालू असेल, तर चार्जर लावून फरक बघा. २४ फ्रेमचा चित्रपट कुठल्याही पडद्यावर २४ फ्रेमचाच दिसतो. आणि एक मॉनिटर ६० चा, दुसरा १४४ चा असेल तर संथ पडद्यावर व्हिडिओ चालू ठेवल्याने वेगवान पडदाही कधी कधी लटपटतो. व्हिडिओ बंद करून बघा.

बदलता रिफ्रेश रेट चालू केला की पडदा लुकलुकतो.

खेळ जितक्या वेगाने चित्रं बनवतो, त्यानुसार मॉनिटरही दर बदलतो, ती ही सोय. व्हीए आणि ओलेड या प्रकारच्या पडद्यांवर हे होतं. दर बदलला की उजेडही किंचित बदलतो, आणि गडद दृश्यात ते जाणवतं. खेळाची गती मॉनिटरच्या पल्ल्याच्या खालच्या टोकापाशी, उदाहरणार्थ ४८ च्या आसपास, वरखाली होत असेल तर त्रास वाढतो. खेळातली दृश्यसेटिंग्ज थोडी उतरवून गती त्या टोकापासून दूर ठेवा. डेस्कटॉपवर काम करताना ही सोय बंद ठेवली तरी काही बिघडत नाही.

मॅकसाठी वेगळं काही?

सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज उघडा. मॉनिटर निवडल्यावर रिफ्रेश रेटचा पर्याय तिथेच आहे. २०२१ च्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोचं एचडीएमआय २.० आहे, म्हणजे ४केला ६० पर्यंतच. १२० हवं तर थंडरबोल्ट पोर्टातून डिस्प्लेपोर्टची केबल काढा. २०२३ च्या एम२ प्रो आणि एम२ मॅक्सवाल्या मॉडेलपासून एचडीएमआयवरही जास्त दर मिळतो.

डिस्प्लेपोर्टचा एकच सिग्नल फोडून दोन मॉनिटरना देणारे डॉक मॅकओएसवर दोन्हीकडे एकच चित्र दाखवतात. तो दोष डॉकचा नाही; दोन वेगळे डेस्कटॉप हवे असतील तर थंडरबोल्टचा डॉक लागतो. आणि ४के पडद्यावर ‘२५६० गुणिले १४४० सारखं दिसेल’ असा आकार निवडल्याने सिग्नल बदलत नाही. मॅक आत ५१२० गुणिले २८८० चं चित्र काढून ते ४केत आकसतो. ग्राफिक्सवर भार वाढतो, केबलवर नाही.

आणि लिनक्स?

वेगवेगळ्या दरांचे दोन मॉनिटर असतील तर वेलँड या नव्या चित्रव्यवस्थेवर जा. जुन्या एक्स११ वर ती जोडी नीट जमत नाही. एएमडीचं कार्ड असेल तर डिस्प्लेपोर्टच वापरा. एचडीएमआय २.१ मुक्त ड्रायव्हरमध्ये आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआयचं मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ च्या सुरुवातीला नाकारला होता.

यादीत नसलेला दर स्वतः घालता येतो का?

ग्राफिक्स कार्डाच्या नियंत्रण पॅनेलमध्ये ‘कस्टम रेझोल्यूशन’ची सोय असते. तिथे ‘रिड्यूस्ड ब्लँकिंग’ निवडल्यास वर सांगितलेली रिकामी जागा कमी होते आणि काठावरचा दर बसू शकतो. क्षमतेच्या पलीकडचा आकडा मात्र कुठल्याही युक्तीने येत नाही. पडदा काळा झाला तर काहीही दाबू नका. विंडोज १५ सेकंदांत जुन्या सेटिंगवर परततं. नाहीच परतलं, तर दुसरा कुठलाही मॉनिटर किंवा टीव्ही जोडून घातलेला दर काढून टाका.

सगळं तपासलं, हवा तो दर मिळत नाही. आता काय सोडायचं?

तुमचं काम काय, त्यावर. मजकूर, कोड, तक्ते असतील तर रेझोल्यूशन आणि पूर्ण रंग राखा, ६० वर समाधान माना. पण ३० कधीच पत्करू नका. त्यापेक्षा रेझोल्यूशन २५६० गुणिले १४४० वर उतरवा, जे एचडीएमआय १.४ वरही ६० ला चालतं. अक्षरं जराशी मऊ होतील, हात मात्र मोकळा चालेल. वेगवान खेळ असतील तर उलट: हेच रेझोल्यूशन आणि १२० किंवा १४४. फोटो-व्हिडिओचं काम असेल तर १० बिट रंग आधी, हर्ट्झ नंतर. आणि पैसे खर्च करायचेच झाले तर आधी केबल, मग हब किंवा डॉक, मग ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर सर्वांत शेवटी.